आधी स्वतः बसून पाहा

फोटो काढून घ्यायला गेलेला माणूस मराठीत ‘फोटोला बसतो’. उभा राहिला तरी बसतोच. या साध्या शब्दप्रयोगात कामाची वाटणी होऊन गेली आहे. एकाने बसायचं, दुसऱ्याने बसवायचं. मान जरा डावीकडे, हनुवटी थोडी खाली, खांदे सैल, एवढं बसणाऱ्याने पाळायचं. उजेड, अंतर, पाठीमागचा पडदा आणि क्लिक करण्याचा क्षण हे सगळं बसवणाऱ्याचं. ज्यांना चेहऱ्यांची छायाचित्रं काढायला शिकायचं असतं ते साहजिकच या दुसऱ्या कामाकडे वळतात. कोणती लेन्स घ्यावी, मागचं दृश्य धूसर कसं करावं, फ्लॅश कुठे धरावा याची माहिती आज हवी तेवढी मिळते. ती सगळी पाठ असलेल्या माणसाच्या फोटोतही समोरचा चेहरा पुष्कळदा अवघडलेला, परका दिसतो. दोष माहितीच्या तुटवड्याचा नसतो, शिकण्याच्या क्रमाचा असतो, असं माझं मत आहे. बसवायला शिकण्याआधी बसायला शिकावं लागतं. स्वतःचं छायाचित्र, म्हणजेच आत्मचित्र, हा या कलेतला पहिला धडा आहे. ज्यांना आपण सर्जनशील तंत्रं म्हणतो त्यांचा अर्थ तिथे जितका लवकर कळतो तितका दुसरीकडे कळत नाही.

छायाचित्रणाचा इतिहासही जवळजवळ याच क्रमाने सुरू झाला. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. त्याच वर्षी फिलाडेल्फियात दिव्यांच्या धंद्यातल्या रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने घरच्या दुकानाबाहेर कॅमेरा मांडला आणि स्वतःलाच टिपलं. जगातल्या सर्वांत जुन्या छायाचित्रित आत्मचित्रांमध्ये ते गणलं जातं. केस विस्कटलेले आहेत, नजर किंचित बाजूला आहे आणि तो चौकटीच्या मधोमध नाही. मागे उभं राहून ‘जरा सरका’ म्हणायला कोणी नव्हतं, हे त्या चित्रातच उमटलं आहे. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये इपोलित बायार याने आणखी मोठी उडी घेतली. छायाचित्रणाची स्वतःची वेगळी पद्धत त्याने शोधली होती, पण मान आणि सरकारी मदत डागेर यांच्या वाट्याला गेली. तेव्हा बायारने बुडून मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन स्वतःचं छायाचित्र काढलं. उघडं अंग, एका बाजूला कललेली मान, मिटलेले डोळे. चित्राच्या पाठीमागे त्याने आपल्यावरच्या अन्यायाबद्दल कडवट मजकूर लिहिला. त्याच्या पद्धतीत बराच वेळ निश्चल राहावं लागे आणि इतका वेळ पापणी न लवता डोळे उघडे ठेवणं कठीण. प्रेताच्या मिटलेल्या डोळ्यांनी ती अडचणच कल्पनेचा भाग झाली. पद्धतीची मर्यादा ओळखायची आणि तिच्यातूनच आशय काढायचा, याचा हा फार जुना आणि चोख दाखला आहे. तो देणारा माणूस कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकटाच होता.

सर्जनशील तंत्र म्हणजे फोटोवर नंतर चढवलेला साज, असा समज सर्रास आहे. माझ्या मते तंत्र म्हणजे क्लिक करण्याआधी घेतलेला निर्णय. पासपोर्टचा फोटो पाहा. पार्श्वभूमी पांढरी, चेहरा समोर, दोन्ही कान दिसलेले, हसू नाही. तिथे सगळे निर्णय नियमाने आधीच घेऊन टाकले आहेत, म्हणून सगळे पासपोर्ट फोटो एकाच कुळातले वाटतात. यांतला एक जरी निर्णय आपल्या हाती घेतला तरी चित्र आपलं होऊ लागतं. मराठी वाचकाला ही गोष्ट समजवावी लागू नये, कारण ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द आपण चित्रासाठी वापरतो तसाच लेखनासाठीही वापरतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली, पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली. या पुस्तकांतली माणसं सगळ्या बाजूंनी, सारख्या उजेडात दाखवलेली नाहीत. लेखक कुठे उभा राहिला, किती जवळ गेला, काय अंधारात ठेवलं, यावर ती उभी राहतात. कॅमेऱ्यामागच्या माणसालाही हेच तीन प्रश्न सोडवायचे असतात.

उजेडापासून सुरुवात करू, कारण चेहरा घडवतो तो उजेडच. आपल्याकडे भर दुपारी अंगणात उभं करून फोटो काढायची सवय आहे. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते आणि माणूस डोळे बारीक करतो. त्याच माणसाला चार पावलं मागे, ओसरीवर किंवा पडवीत घ्या, तोंड अंगणाकडे करा. ऊन अंगणावर पडून, भिंतींवरून उसळून, पसरून चेहऱ्यावर येतं आणि डोळ्यांत उघड्या आकाशाचा पांढरा ठिपका चमकतो. यामागचं तत्त्व सोपं आहे. उजेडाचा उगम चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. सूर्य प्रचंड असला तरी इतक्या दूर आहे की आकाशात रुपयाएवढा दिसतो, म्हणून त्याच्या सावल्या धारदार पडतात. फ्लॅटमध्ये ओसरी नसते, खिडकी असते. खुर्ची खिडकीला काटकोनात ठेवली तर अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा बुडतो. तीच खुर्ची थोडी खिडकीकडे वळवली की अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटतो. रेम्ब्रांटच्या चित्रांवरून छायाचित्रकार त्याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. सावलीची बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करायचा. लहानमोठ्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे.

आता हे सारं दुसऱ्याला खुर्चीत बसवून शिकायला गेलं तर दहाव्या मिनिटाला तो कंटाळतो आणि शिकणाऱ्याला संकोच वाटायला लागतो. स्वतः बसलं तर खुर्ची बोटभर सरकवून पुन्हा पाहायची मुभा राहते. शिवाय आणखी एक गोष्ट होते, जी पुस्तकात वाचून होत नाही. उजेड गालावर जाणवतो. खिडकी कुठे आहे हे डोळे मिटूनही कळतं आणि मान किती वळली की डोळ्यावर येतं, हे अंगाला कळतं. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दोन फुटांवरून चार फुटांवर गेलात की तो निम्मा नव्हे, पावपटच उरतो. खिडकी मोठी असल्यामुळे तिला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण रोख तोच. म्हणून खिडकीशी चिकटून बसलं की मागची भिंत आपोआप अंधारात जाते आणि काळा पडदा विकत आणावा लागत नाही. हे एकदा स्वतःच्या खांद्यामागे घडलेलं पाहिलं की विसरत नाही.

सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते प्रसिद्ध आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि १९४५-४६ च्या सुमाराचं आहे. ते छायाचित्र नाही हे खरं, पण एकाच दिव्यावर चेहरा कसा उभा करावा याचा इतका स्वच्छ पाठ छायाचित्रांतही क्वचित सापडतो. साडीतली तरुणी एका हातात दिवा धरून आहे, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीला आडवा आहे. ज्योत आपल्याला थेट दिसत नाही. दिसतो तो तिचा बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि खालून वर चढत चेहऱ्यापर्यंत पोचताना मऊ होत गेलेली त्याची आभा. खालून आलेला उजेड एरवी चेहऱ्याला भेसूर करतो. इथे तो करत नाही, कारण तळव्याने त्याची धार मारली आहे. या चित्रासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती. घरातला दिवा, घरातलं माणूस, घरातला हात, एवढ्यावर ते उभं आहे. मोबाइल स्टँडवर लावून, खोलीतले बाकीचे दिवे मालवून, एका निरांजनाभोवती स्वतःचा तळवा फिरवून पाहिलं तर हळदणकरांनी काय साधलं आहे ते तासाभरात उमगू लागतं.

दुसरा निर्णय अंतराचा. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि तिच्यामागे बऱ्याचदा चेहरा नसून हाताची लांबी असते. हिशेब करून पाहू. मोबाइल नाकाच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर धरला आणि कान नाकापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर मागे आहेत असं धरलं, तर कान ४२ सेंटिमीटरवर आले. म्हणजे कानांपेक्षा नाक १.४ पट मोठ्या मापाने टिपलं जाणार. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला की हे प्रमाण १६२ ला १५०, म्हणजे जेमतेम १.०८ पट उरतं. २०१८ साली प्लास्टिक सर्जरीच्या एका अमेरिकन नियतकालिकात डॉक्टरांनी असंच गणित मांडलं होतं. ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं, असा त्याचा निष्कर्ष होता. नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला येणारे लोक आपले सेल्फी दाखवतात, म्हणून डॉक्टरांना हे गणित मांडावंसं वाटलं. एवढी गंभीर गोष्ट केवळ अंतराने ठरते आणि ती शिकायला एक स्टँड, १० सेकंदांचा टायमर आणि जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या तीन-चार खुणा पुरतात. प्रत्येक खुणेवर बसून एकेक फोटो काढायचा आणि चेहरा चौकटीत सारखाच मोठा दिसेल असं कापून ते शेजारी शेजारी ठेवायचे. लेन्स चेहरा बदलत नाही, अंतर बदलतं, हे मग कोणी सांगावं लागत नाही.

अंतराच्या जोडीला आरसा आहे. आपण आपला चेहरा जन्मभर उलटा पाहतो. भांग ज्या बाजूला दिसतो त्याच्या विरुद्ध बाजूला तो इतरांना दिसतो. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना स्वतःचा सरळ फोटो आणि आरशातल्यासारखा उलटवलेला फोटो दाखवला, तेव्हा त्यांना जास्त करून उलटवलेला आवडला. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सरळ आवडला. ज्याला जे रोज दिसतं तेच त्याला गोड वाटतं. फोटो पाहून नाराज झालेला माणूस कसल्या अनोळखीपणाला अडखळतो आहे, हे स्वतः अडखळल्याशिवाय फोटोग्राफरला कळत नाही. कळलं की तो ‘छान तर आलाय’ म्हणून वेळ मारून नेत नाही.

आणि आता एक गोष्ट जिच्याबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं. ती म्हणजे आपला रंग. कॅमेऱ्यातलं मीटर समोरच्या दृश्याची सरासरी करड्या रंगाएवढी धरून चालतं. सावळा माणूस पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहिला की कॅमेरा भिंतीला करडी करायला बघतो आणि चेहरा आणखी काळवंडतो. त्यात दोष ना माणसाचा ना त्याच्या रंगाचा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची खूण थोडी वर सरकवली किंवा मागे गडद रंगाची भिंत घेतली की त्वचेचा खरा पोत दिसायला लागतो. पण असं शिकवण्याऐवजी आपल्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षं रिटचिंगने, आणि आता मोबाइलने आपण न मागता, चेहरे गोरे करून दिले. लग्नासाठी दाखवायच्या फोटोंनी तर किती मुलींना त्यांच्याच रंगाविषयी लाजायला लावलं असेल. खुद्द रंगीत फिल्मचा इतिहासही या बाबतीत स्वच्छ नाही. प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅकची जी कार्डं वापरत त्यांवर बराच काळ गोरी स्त्री असे. ‘शर्ली कार्ड’ असं त्यांचं नावच पडलं होतं. गडद छटा नीट उमटत नाहीत याची दखल घेतली जाण्यात लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या जाहिरातदारांच्या तक्रारींचा मोठा हात होता, असं या विषयाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी दाखवून दिलं आहे. २०२२ साली गूगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी केलेली १० छटांची पट्टी स्वीकारली, त्यात ही जुनी चूक दुरुस्त करण्याची इच्छा आहे. पण पट्टी कितीही छटांची झाली तरी आपला सावळा गाल खिडकीच्या उजेडात कसा चमकतो हे ज्याने स्वतःच्या फोटोत पाहिलं आहे, तोच दुसऱ्याचा गाल गोरा न करता सुंदर टिपू शकेल.

दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनी या दिशेने एक टोक गाठलं आहे. २०१२ पासून सुरू झालेल्या ‘सोम्न्यामा न्गोन्यामा’ या आत्मचित्रमालेत त्यांनी स्वतःची त्वचा आहे त्याहून गडद होईल इतका कॉन्ट्रास्ट वाढवला आहे. मालेच्या नावाचा अर्थ ‘काळ्या सिंहिणीचा जयजयकार’ असा काहीसा. २०१५ सालच्या एका चित्रात डोक्यावरचा मुकुट आणि कानांतली लेणी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची आहेत. चित्राला नाव आहे बेस्टर, म्हणजे मुहोली यांच्या आईचं. ती दुसऱ्यांच्या घरी राबणारी बाई होती. चिमटे दहा-वीस रुपयांची वस्तू. त्यांचा मुकुट केल्याबरोबर आईचे कष्ट आणि लेकराने तिला दिलेला मान एकाच चौकटीत आले. वस्तू निवडणं हे तंत्र म्हणून शिकवायचं तर मी हे चित्र समोर ठेवीन.

वस्तू आणि पडदे यांत आफ्रिकेच्या स्टुडिओंकडून शिकण्यासारखं खूप आहे, कारण त्यांची परिस्थिती आपल्या गावोगावच्या स्टुडिओंसारखी होती. माली देशातल्या बामाकोमध्ये सेदू केइता यांनी १९४८ साली स्टुडिओ उघडला. पाठीमागचा पडदा म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या पलंगपोसाचा उपयोग केला. पुढे दोन-तीन वर्षांनी पडदे बदलत गेले आणि कोणतं चित्र केव्हाचं हे नंतर पडद्यांच्या नक्षीवरून लावता आलं. गिऱ्हाइकांचे नक्षीदार कपडे आणि मागची नक्षी एकमेकांत मिसळते, चेहरा आणि हात मात्र त्यातून उठून येतात. साधी पार्श्वभूमीच चांगली, हा पाठ केलेला नियम त्या चित्रांपुढे टिकत नाही.

सॅम्युएल फोसो याची हकीकत तर माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. १९६२ साली कॅमेरूनमध्ये जन्मलेला, नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धाच्या झळा लहानपणी सोसलेला हा मुलगा काकांकडे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या बांगी शहरात आला आणि १९७५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने स्वतःचा फोटो स्टुडिओ थाटला. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोटो काढायचे आणि फिल्म धुवायला द्यायची. रोलवर शेवटी काही फ्रेम्स कोऱ्या उरत. त्या वाया घालवण्याऐवजी तो रात्री स्टुडिओ बंद करून स्वतःलाच कॅमेऱ्यापुढे उभा करी. उंच टाचांचे बूट, रुंद पायांच्या पँट, गॉगल, मागे ओढलेले पडदे. नायजेरियात राहणाऱ्या आजीला आपण सुखरूप आहोत हे कळावं म्हणून यांतले फोटो तो पाठवत असे. उरलेल्या चार फ्रेम्स म्हणजे चुकायला चारच संधी. रोज नवा पवित्रा, रोज दिवे इकडचे तिकडे. १९९४ साली बामाकोच्या छायाचित्र महोत्सवात ही चित्रं जगापुढे आली. पुढे २००८ साली त्याने मंडेला, माल्कम एक्स, अँजेला डेव्हिस अशा व्यक्तींच्या गाजलेल्या छायाचित्रांतल्या जागी स्वतः उभं राहून मोठी माला केली. गिऱ्हाइकांना बसवण्याचं पोटापाण्याचं काम आणि स्वतः बसण्याचं रात्रीचं काम एकाच खोलीत, एकाच रोलवर चाललं होतं. ते वेगळं काढताच येत नाही.

वेळ हेही एक तंत्र आहे. शटर सेकंदभर उघडं ठेवलं आणि अर्ध्या सेकंदाने मान वळवली तर धड जागच्या जागी राहतं आणि चेहरा धुरासारखा विरतो. फ्रान्सेस्का वुडमन या अमेरिकन तरुणीने १९७० च्या दशकात पडक्या घरांतल्या भिंतींशी असंच स्वतःला अंधुक करत नेलं. एक शतक आधी, कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांच्या चित्रांतल्या धूसरपणाला त्या काळच्या जाणकारांनी नावं ठेवली. आज तीच चित्रं त्यांतल्या मऊ, जवळिकीच्या चेहऱ्यांसाठी जपली जातात. उलट टोकाला फिलिप हाल्समन. १९४८ साली साल्वादोर दालीला मांजरी आणि पाण्यासकट हवेत टिपताना त्यांनी तब्बल २८ वेळा प्रयत्न केला आणि पुढे नामवंतांना उडी मारायला लावून त्यांचे फोटो काढले. उडी मारताना माणसाचं लक्ष उडीत गुंततं आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळतो, ही त्यांची धारणा होती.

नक्कल हा आणखी एक मार्ग. बेंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर अर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या मालेत राजा रविवर्म्याची लक्ष्मी स्वतःच्या अंगावर उभी केली. लोणावळ्याजवळच्या मळवलीतल्या छापखान्यातून निघालेली ती लक्ष्मी महाराष्ट्रात घरोघरी भिंतीवर होती. तिची साडी, तिची कमळं, तिचा कललेला हात हे सगळं पुन्हा रचायला गेलं की मूळ चित्रातला प्रत्येक निर्णय उलगडतो. शिकणाऱ्याने एखाद्या आवडत्या चित्राची अशी जागा घेऊन पाहावी. दोन तासांत पुस्तकभर शिकून होतं.

यावर आक्षेप येतील आणि ते यायलाच हवेत. पहिला, हे सगळं म्हणजे आत्मप्रेम आहे. ‘सेल्फी’ हा २०१३ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द ठरवला तेव्हापासून हा सूर वाढला आहे. पण चेहरा दाखवण्याची हौस आणि चेहरा पाहण्याची शिस्त यांत फरक करावा लागेल. सेल्फी काढणारा सहसा आवडलेला एक फोटो ठेवून बाकीचे पुसतो. शिकणाऱ्याने न आवडलेले ठेवावेत, कारण का आवडले नाहीत यातच धडा असतो. आणि हौसेलाही मी कमी लेखणार नाही. फोसोचे फोटो आजीला दाखवण्यासाठीही होतेच. अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग यांनी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत अनेक दशकं स्वतःची छायाचित्रं काढली. कधी पुस्तकांत बुडालेले, कधी योगासनात उघड्या अंगाने. एका शरीराचं वाढतं वय इतक्या निर्मळपणे पाहणं याला आत्मप्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा आक्षेप असा की चेहरा खरा तेव्हाच, जेव्हा माणसाला कॅमेऱ्याचा पत्ता नसतो. मग ही मांडामांड कशाला? नकळत टिपलेल्या चित्रांची गोडी मला मान्य आहे. मात्र कॅमेऱ्यापुढे माणूस कसा होतो, हीसुद्धा त्याची एक खरी बाजूच आहे. अर्विंग पेन यांनी १९४८ साली दोन भिंती अरुंद कोनात जोडून न्यूयॉर्कमधल्या नामवंतांना त्या कोपऱ्यात उभं केलं. जागा सगळ्यांना तेवढीच, अडचण तीच. कोणी कोपऱ्यात दबून बसलं, कोणी दोन्ही भिंतींना रेटून उभं राहिलं. मांडणी कृत्रिम होती म्हणूनच माणसामाणसातला फरक स्पष्ट दिसला. तिसरा आक्षेप आजचा आहे. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड, फिल्टर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं क्षणात करतात. करतात खरं, पण लाखो चेहऱ्यांच्या सरासरीवरून. सगळ्यांना लागू पडणारा निर्णय आपल्याला काही शिकवत नाही, आणि कानाजवळच्या बटा मागच्या भिंतीत विरघळवून टाकणारी धूसरता पाहिली की ती कोणी पाहून केलेली नाही हेही कळतं.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. स्वतःला बसवून उजेड कळेल, अंतर कळेल, पण दुसऱ्या माणसाशी बोलायचं कसं, त्याला सैल कसं करायचं, कधी अडवायचं, हे कसं कळणार? १९४१ च्या डिसेंबरात ओटावामध्ये युसुफ कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्यांचा तो रागावलेला, जगप्रसिद्ध चेहरा मिळवला. असली हिंमत आरशासमोर शिकता येत नाही. हे मला मान्य आहे. आत्मचित्र पुरेसं आहे असं माझं म्हणणं नाही, ते आधी यावं एवढंच आहे. कारण लेन्सच्या डोळ्याखाली दहा सेकंद निश्चल बसताना खांदे कसे वर चढतात, हसू कसं सुकतं, हात कुठे ठेवावेत हे कसं सुचेनासं होतं, हे ज्याने सोसलं आहे तो दुसऱ्याला ‘नॅचरल राहा’ असं सांगत नाही. तो त्याच्या हातात काहीतरी देतो, स्टूल थोडं तिरकं करतो, स्वतः गप्प बसतो.

हॉलंडच्या रिनेके दाइकस्ट्रा या असाइनमेंटची पोर्ट्रेट काढणाऱ्या छायाचित्रकार होत्या. सायकलच्या अपघातात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि बरं होण्यासाठी त्या रोज पोहू लागल्या. १९९१ च्या जूनमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका जलतरण तलावात भरपूर पोहून दमल्यावर, ओल्या अंगाने, त्यांनी स्वतःचं छायाचित्र काढलं. त्यात पवित्रा घ्यायला ताकदच उरलेली नाही, चेहरा थकून उघडा पडला आहे. त्यानंतर त्यांनी मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून समुद्रकिनाऱ्यांवरच्या किशोरवयीन मुलामुलींची माला सुरू केली. १९९२ च्या जुलैत पोलंडच्या कोवोबझेग किनाऱ्यावर हिरव्या पोहण्याच्या पोशाखातली एक मुलगी त्यांच्यापुढे उभी राहिली. वजन एका पायावर, मान किंचित कललेली, मागे समुद्राची सपाट रेघ. कसं उभं राहावं हे दाइकस्ट्रांनी तिला फारसं सांगितलं नाही.